जेसीबी गेल्यावर गावात कोण राहतं? पाणलोट संस्थांमधल्या माणसांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की पाणलोटाचं, म्हणजे टेकडीपासून नाल्यापर्यंत माती आणि पाणी अडवायचं काम करणाऱ्या संस्थांबद्दल, खरं तर तिथे काम करणाऱ्या माणसांबद्दल, काय विचारायचं ते विचारा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर खूपच आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं छापत नाही, फक्त तालुका देतोय, कारण गावात अशा गोष्टींवरून लगेच बोललं जातं.

"आमच्या गावात एक संस्था आलीय. दोन-तीन महिने झाले, नुसत्या मीटिंगा, शिवारफेऱ्या आणि घरोघरी माहिती भरणं चाललंय. शेजारच्या गावात आठ दिवसात पोकलेन लागून नाला खोदूनही झाला. हे लोक नेमकं करतात काय? काम कधी सुरू होणार?" (शेतकरी, पारोळा तालुका)

भाऊ, काम सुरू झालंय, फक्त ते अजून तुम्हाला जमिनीवर दिसत नाहीये. पाणलोट माथ्यापासून पायथ्याकडे करायचा असतो. आधी टेकडी, मग उताराची शेतं आणि नाला एकदम शेवटी. नाल्यापासून सुरुवात केली तर वरची उघडी माती दोन पावसाळ्यात त्याच नाल्यात येऊन बसते आणि मग गाळ काढायला परत मशीन बोलवा, परत डिझेल घाला, हे चालूच राहतं. केंद्र सरकारच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचना बघा, त्यात प्रकल्प 4 ते 7 वर्षांचा धरला होता आणि नुसता तयारीचा टप्पाच 1 ते 2 वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याकडे चाललंय ते उशिरा नाही, उलट व्यवस्थित चाललंय.

आता ही माणसं करतात काय. साधारण टीममध्ये एक अभियंता असतो, एक शेतीचा पदवीधर, एक समाजसंघटक, एक हिशोब बघणारा, आणि पाऊस आणि विहिरींची मापं घ्यायला गावातलाच एखादा पोरगा किंवा पोरगी जलसेवक म्हणून. त्या 2008 च्या सूचनांत सरकारी प्रकल्पाच्या टीममध्ये किमान 4 माणसं आणि त्यात निदान एक बाई असावी असा नियमच आहे, तो चांगला नियम आहे, कारण प्यायचं पाणी कुठून येतं आणि उन्हाळ्यात कुठली विहीर आधी आटते हे गावातल्या बायका बाईलाच नीट सांगतात, सरपंचाच्या ओट्यावर बसलेल्या साहेबाला नाही.

ती जी घरोघर माहिती भरताहेत ना, त्यातून पाण्याचा ताळेबंद निघतो. तुमच्याकडे वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस धरा. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पडला की 10 हजार लिटर झाले, म्हणजे हेक्टरी 60 लाख लिटर, आणि 1000 हेक्टरचं शिवार असेल तर 600 कोटी लिटर. एवढं पाणी दरवर्षी तुमच्या गावावर पडतं. त्यातलं किती वाहून जातं, किती मुरतं, कापसाला किती लागतं, जनावरांना किती, मोटारी किती आणि किती तास चालतात, हे कोणी मोजलंय आजपर्यंत? ते मोजायला घरोघर जावंच लागतं, आणि लोक पहिल्यांदा बोअरचा खरा आकडा सांगत नाहीत, दुसऱ्यांदा पण सांगत नाहीत, चहा-पाणी होऊन ओळख झाली की मग सांगतात. म्हणून महिने जातात.

आणि एकदा टेकडीवर चर आखायला ही मंडळी गेली की तुम्ही सोबत जाच. दोन काठ्या, दोन्हीवर सेंटिमीटरच्या खुणा, आणि मध्ये पाणी भरलेला पारदर्शक पाईप, बस एवढंच हत्यार. पाईपात बुडबुडा राहिला तर माप चुकतं म्हणून आधी पाईप झटकून झटकून बुडबुडे काढतात. एक जण काठी धरून उभा, दुसरा वर-खाली सरकत राहतो, दोन्हीकडे पाण्याची पातळी एक झाली की खाली फक्की टाकतात. तशा ठिपक्या-ठिपक्यांची ओळ जोडत गेलं की टेकडीला वळसा घालणारी समपातळी रेषा तयार होते. चर त्याच रेषेवर पाहिजे. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चर असला तर दर मीटरला 180 लिटर पाणी थांबतं, पण रेषा थोडी जरी तिरपी गेली तर सगळं पाणी एका टोकाला धावतं, तिथे चर फुटतो आणि टेकडीला नवीन घळ पडते. मे महिन्याच्या उन्हात, चाळीसच्या वर पारा असताना, एकेक ठिपका परत तपासणारी पोरं मी बघितलीत. त्यांना घाई करू नका.

अजून एक. शिवारफेरीत म्हातारी माणसं न्या. आमच्याकडे एक आबा नकाशा बघून म्हणाले, "भाऊ, पानी कथाईन येस ते आम्हले माहीत शे" (पाणी कुठून येतं ते आम्हाला माहीत आहे), आणि खरंच त्यांनी दाखवलेला जुना ओहोळ नकाशावर नव्हताच. चांगला अभियंता अशा वेळी वही काढतो.

"मुलगी बीएस्सी अ‍ॅग्री झालीय. तिला धुळ्याकडच्या एका पाणलोट संस्थेत काम मिळतंय. पगार कमी, रोज स्कूटीवर गावं फिरायची, रात्री ग्रामसभा असते म्हणे. आम्ही नाही म्हणतोय, ती ऐकत नाही. काय करावं?" (आई, चोपडा तालुका)

ताई, तुमची काळजी खोटी नाही. रात्रीच्या सभा असतात, कारण दिवसा माणसं शेतात असतात. पावसाळ्यात रस्ते बेकार असतात. पगार बँकेतल्या किंवा खत कंपनीतल्या पोरीएवढा नसतो आणि प्रकल्प संपला की पुढचं काय ही टांगती तलवार असतेच, हे मी लपवत नाही.

पण मुलीला थांबवण्याआधी संस्थेला काही गोष्टी सरळ विचारा. नेमणुकीचं पत्र लेखी देतात का? पीएफ आणि अपघात विमा आहे का? गाडीच्या पेट्रोलचे पैसे पगारातून की वेगळे? रात्रीच्या सभेला दोघं मिळून जातात की एकटीला पाठवतात, आणि उशीर झाला तर मुक्कामाची सोय काय? लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का? दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर ती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. जी संस्था या प्रश्नांवर चिडते तिथे पाठवू नका. जी नीट उत्तर देते तिथे जाऊ द्या.

आणि तिला काय मिळेल ते पण सांगतो. दोन वर्षांत ती माती हातात घेऊन सांगायला लागेल की इथे पाणी किती मुरेल. पन्नास पुरुषांच्या सभेत उभं राहून बोलायला शिकेल. बचत गटाच्या बायका तिला नावाने ओळखतील, तिच्या डब्यात भाकरी-ठेचा टाकून देतील. मी या कामात आयुष्य घातलंय आणि जी पोरं-पोरी यात टिकली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तुमची मुलगी हट्ट करतेय म्हणजे तिने काहीतरी बघितलंय, तिला एकदा शांतपणे विचारा काय बघितलं ते.

"आम्हाला नाला चांगला तीस-चाळीस फूट खोल करून पाहिजे, शिरपूरला तसंच केलंय ना. संस्थेचा इंजिनिअर नाही म्हणतो. गाव त्याच्यावर नाराज आहे. बरोबर कोण?" (ग्रामपंचायत सदस्य, शिंदखेडा तालुका)

तुमचा नाला मी बघितलेला नाही, पण तो पोरगा सगळ्या गावाची नाराजी घेऊन "नाही" म्हणतोय, तर त्याचं कारण पूर्ण ऐकून घ्या असं मी म्हणेन.

शिरपूरचं काम मोठं आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथे नाले रुंद-खोल करून एकामागे एक सिमेंट बंधाऱ्यांची साखळी उभी केली आणि त्या भागात विहिरींना पाणी आलं, लोकांनी डोळ्यांनी बघितलंय. पण शिरपूर तालुक्याचा मोठा भाग तापीच्या गाळाचा आहे, तिथे खाली वाळू आणि चिकणमातीचे थर आहेत, वरचा चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही म्हणून तो ओलांडून खाली जाण्यात अर्थ होता. तापी सोडून तुम्ही दक्षिणेला सरकलात की काळा पाषाण लागतो. बेसाल्टमध्ये वरचा मुरूम आणि भेगाळलेला थर हेच आपलं पाणी साठवायचं ठिकाण. तो थर फोडून कठीण खडकात खड्डा केला तर तिथे पाणी मुरत नाही, साठून राहतं आणि उन्हाने उडून जातं. त्याहून वाईट म्हणजे नाल्याचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाण्याच्या पातळीखाली गेला की विहिरींचं पाणी झिरपून नाल्यात उतरतं. वर दिसायला भरलेला नाला आणि बाजूच्या विहिरी दिवाळीलाच तळाला! शासनाच्या सूचनांमध्येपण नाला खोलीकरणाला 3 मीटरची मर्यादा घातलेली आहे, ती काही उगीच नाही.

आपल्या धुळे-नंदुरबारमध्ये अजून एक गोष्ट आहे, जमिनीतून उभ्या गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती, ज्याला भूगर्भवाले डाइक म्हणतात. मैलोन्मैल सरळ रेषेत गेलेल्या असतात, काही ठिकाणी टेकडीच्या धारेसारख्या वर आलेल्या दिसतात. कुठली डाइक जमिनीखालचं पाणी बांधासारखं अडवते तर कुठली भेगाळलेली असली की पाणी वाहून नेते. अडवणाऱ्या डाइकच्या वरच्या अंगाला बंधारा घातला तर सोनं, खालच्या अंगाला घातला तर कोरडा. हे ओळखायला त्या इंजिनिअरला भूवैज्ञानिकाची मदत लागते आणि विहिरींची मापं लागतात. त्याला म्हणा, दोन्ही बाजूच्या दहा-बारा विहिरींची पातळी सगळ्यांसमोर मोज आणि नाल्याचा तळ कुठे येतो ते भिंतीवर काढून दाखव. दाखवेल तो. आणि नाहीच दाखवू शकला तर मग जरूर भांडा.

"संस्थेने टेकडीवर चराईबंदी केली. आमच्या वस्तीवर जमीन नाही, शेळ्यांवर घर चालतं. पाणी अडलं तर बागायतदाराच्या विहिरीला, बंदी मात्र आम्हाला. हे कसं?" (वाचक, साक्री तालुका)

या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तुम्ही विचारलात त्याबद्दल आभार.

चराईबंदी लागते, हे आधी सांगतो. नुसता चर खोदून टेकडी सुधारत नाही, गवताने मूळ धरलं तर माती थांबते. धुळे तालुक्यात लामकानीला डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकऱ्यांनी हेच केलं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली आणि उजाड माळावर गवत परत आणलं. तुमच्याच तालुक्यात बारीपाडा आहे, तिथे चैत्राम पवार आणि गावाने नव्वदच्या दशकापासून जंगल राखलं, चैत्रामभाऊंना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. पण बारीपाड्याचं नुसतं जंगल बघू नका, नियम कोणी केले ते बघा. गावाने बसून केले, पाळले पण गावानेच, आणि जंगलातून गावाला काय मिळणार ते आधी ठरलं. रानभाज्यांचा महोत्सव होतो तिथे, बायका तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या रांधून मांडतात, लांबून लोक बघायला येतात. जंगल राखणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं म्हणून ते राखलं जातं.

तुमच्याकडे ज्या कार्यकर्त्याने बंदी जाहीर केली त्याने तुमच्या वस्तीवर येऊन बसायला पाहिजे होतं, मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलारी बांधवांचे कळप कुठल्या महिन्यात येतात-जातात ते विचारायला पाहिजे होतं. ते केलं नसेल तर चूक त्याची आहे. आता काय करता येईल: एकदम सगळी टेकडी बंद न करता तीन भाग करा, एक बंद, दोन उघडे, आणि आळीपाळीने फिरवा. बंद भागातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन घरांना द्या, तसा ग्रामसभेचा ठराव लिहून घ्या. पाणलोट समितीत भूमिहीनांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे, मार्गदर्शक सूचनांत आहे ते, नसेल तर मागा. उपजीविकेसाठी निधीचा वेगळा हिस्सा असतो, जुन्या सूचनांप्रमाणे 9 टक्के, त्यातून शेळ्यांचं लसीकरण, चांगला बोकड, चारा हे बसतं. आणि विहिरीला पाणी वाढलेल्या बागायतदाराने गावाच्या पाणलोट निधीत पैसे टाकावेत, हे मागण्यात काही गैर नाही. मी तर म्हणेन समाजसंघटक चांगला की नाही हे तुमच्या वस्तीवरून ठरवा, सरपंचाच्या घरावरून नाही.

"मी मूळचा अमळनेर तालुक्यातला, सुरतला धंदा आहे. गावाकडच्या पाणलोट संस्थेला पैसे द्यायचेत. पण त्यांच्या हिशोबात पगाराचा आकडा मोठा दिसतो. माझे पैसे कामाला जावेत, पगाराला नको. मशीनच्या डिझेललाच द्यावे का?" (वाचक, सुरत)

दादा, तुम्ही गावाला विसरला नाहीत हे फार चांगलं. पण पगाराबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही आणि जरा सविस्तर सांगतो.

आपल्या खान्देशात पांझरेवर फड पद्धत होती, काही शतकं जुनी, थोडीफार अजून आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि गावाचं भिजणारं रान फडांमध्ये वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. हे सगळं दगडाच्या बंधाऱ्यावर चाललं नाही. ते पाटकऱ्यावर चाललं, जो प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत वेळेवर पाणी द्यायचा, जागल्यावर चाललं जो पिकाची राखण करायचा, आणि त्यांना शेतकरी धान्य द्यायचे. आपल्या आजे-पणजांना कळत होतं की पाणी सांभाळणाऱ्या माणसाचं पोट भरलं पाहिजे. पाटकऱ्याला धान्य देताना कोणी म्हटलं नाही की हे धान्य बंधाऱ्याला जावं.

डिझेल द्यायला सगळे तयार असतात. मशीनचा फोटो निघतो, नारळ फुटतो. पण जलसेवक दर पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघतो, महिन्याला निरीक्षण विहिरींत टेप सोडून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं माप घेतो, त्यातून कठड्याची उंची वजा करून वहीत लिहितो, आणि उन्हाळा लागायच्या आत गावाला सांगतो की यंदा पाणी इतकंच आहे, उन्हाळी पीक घेऊ नका. त्याच्या मानधनाला पैसे मिळत नाहीत. प्रकल्प संपतो आणि तो पोरगा सुरतला निघून जातो, तुमच्या आसपासच असेल कुठेतरी. मग बंधाऱ्यात गाळ भरतो, साचलेल्या पाण्यावर कोणीतरी पाच नवीन बोअर मारतो आणि गाव परत टँकरवर.

तिकडे यावल-रावेरला बघा, सातपुड्याच्या पायथ्याला डोंगरातून वाहून आलेल्या दगड-वाळूची, पाणी मुरवणारी जमीन, जिला बझाडा म्हणतात, निसर्गानेच दिलेली, तरी केळीच्या उपशाने पातळी खोल-खोल गेली. केळीला वर्षाला 1800 ते 2000 मिलिमीटर पाणी लागतं आणि पाऊस त्याच्या निम्मा पण नाही. म्हणजे पाणी नुसतं मुरवून भागत नाही, उपसा किती करायचा हे ठरवायला गावात बोलणारं माणूस लागतं.

तेव्हा जरूर तपासा, पण हे तपासा: लेखापरीक्षण झालेला हिशोब देतात का, आयकर खात्याची नोंदणी आणि देणगीवर करसवलतीची मान्यता (12ए, 80जी म्हणतात ती) आहे का, पगार शेतात फिरणाऱ्यांना जातो की ऑफिसातल्या दोन-चार जणांना, आणि काम झालेल्या गावात तीन वर्षांनंतर त्यांचं कोणी जातं का. त्या जुन्या गावात तुम्ही स्वतः जाऊन या. आणि जमलं तर सांगा की माझे पैसे दोन जलसेवकांच्या पाच वर्षांच्या मानधनाला लावा. संस्थेला असा दाता मिळाला तर त्यांना काय आनंद होईल तुम्हाला कल्पना नाही.

"मी गावच्या पाणलोट समितीची सचिव आहे. खूप धावपळ होते आणि वर लोक म्हणतात ही पैसे खाते. सोडून द्यावं वाटतं." (वाचक, भडगाव तालुका)

ताई, सोडू नका. सचिवाला मानधन मिळतं हे लोकांना माहीतच नसतं, म्हणून संशय येतो, ते मानधन स्वतःच जाहीर करा. प्रत्येक कामाचं मोजमाप, दर, मजुरांना किती गेले, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या, कागद चिकटवू नका, फाडतात. खासगी शेतात बांधबंदिस्ती झाली तर 2008 च्या सूचनांप्रमाणे शेतकऱ्याचा हिस्सा किमान 10 टक्के, अल्पभूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के, तो घेतला की पावती द्या आणि तोही भिंतीवर लिहा. चेक एकटीच्या सहीने कधीच काढू नका. बोलणारे तरी बोलतील काही दिवस. संस्थेच्या हिशोबनीसाला सांगा की ग्रामसभेत तुमच्या शेजारी बसून आकडे वाच, ते त्याचं काम आहे, तुम्हाला एकटीला पुढे करणं बरोबर नाही.

"सिव्हिल डिप्लोमा झालाय. अशा संस्थेत शिरायचं तर काय शिकू?" (विद्यार्थी, शहादा तालुका)

डम्पी लेव्हल आणि जीपीएस येत असेलच, क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकून घे, फुकट मिळतं. गावाचा नकाशा आणि सातबारा वाचायला शीक, तलाठ्याकडे बसून. अहिराणी येत असेल तर सभेत अहिराणीतच बोल, वरच्या पाड्यांवर जायचं तर पावरी किंवा भिलोरी कानावर पडू दे. आणि या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस पडला की छत्री घेऊन तुझ्याच गावच्या नाल्यावर जा, पाणी कुठून-कुठून येतं, कुठे गढूळ आहे, कुठे नितळ, ते बघून वहीत नकाशा काढ, अर्जाला तो नकाशा जोड.